दाराखालचा उजेड

प्रिय धाकटे,

तुझा लांबलचक निरोप मी फोनवर वाचला, पुन्हा वाचला, आणि उत्तर मात्र कागदावर लिहायला बसले आहे. फोनवर लिहायला घेतलं की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं उत्तर येतं, आणि समोरासमोर बोलायचं तर तू माझ्या खांद्यावर हात ठेवतेस. तू खांद्यावर हात ठेवलास की माझं निम्मं बोलणं विरघळतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. उद्या तू तुझ्या लेकीला, मुंगीला न्यायला येशील तेव्हा हे तुझ्या हातात देईन. चहा होईपर्यंत गॅलरीत उभी राहून वाच. तोवर मुंगी माझ्याजवळ बसेल.

तुझं म्हणणं मला नीट कळलं आहे. माझ्या चित्रकथेवरून तुम्ही केलेला ॲनिमे, म्हणजे ती पडद्यावरची हलती चित्रमालिका, लोकांनी डोक्यावर घेतलाय. त्या जोरावर आमच्या संपादकांना त्या चित्रकथेचा, ‘कडी’चा दुसरा खंड नव्या रूपात काढायचाय. मुखपृष्ठावर तुमचं रंगीत चित्र असेल आणि शेवटचं प्रकरण मी ॲनिमेसारखं पुन्हा काढून द्यायचं. संपादक काल फोनवर म्हणाले, बाई, आता लोक आधी पडद्यावर बघतात आणि मग पुस्तक उघडतात, आत भलताच गुन्हेगार निघाला तर आमच्या नावानं बोंब मारतील. मी म्हटलं, भलता गुन्हेगार पडद्यावर आहे, पुस्तकात नाही. ते हसले. लोक मला विनोदी समजतात, माझं काम त्यावरच चालतं.

तू मात्र विनोद केला नाहीस. आई आता थकली आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, शेजारपाजारचे येऊन तिला सांगतात की तुमच्या दोन्ही मुलींनी नाव काढलं. तिच्या हयातीत एवढं कर, असं तू लिहिलंस. आई आता तशी राहिलेली नाही, असंही लिहिलंस. मधेच, जाता जाता, मुंगीबद्दल लिहिलंस, की आजीपाशी राहून पोरगी किती शांत झालीय, घरात असून नसल्यासारखी असते. आणि शेवटी: दोन्ही एकदा समोर ठेवून बघ ताई, आणि मग सांग काय बिघडतं.

तर मी ठेवून बघितलं. टेबलावर डाव्या हाताला खंड, उजव्या हाताला लॅपटॉप. पान आणि प्रसंग, पान आणि प्रसंग, असं हा आठवडाभर, आईच्या ऑपरेशनमुळे माझ्याकडे आलेली मुंगी शेजारच्या खोलीत चित्रं रंगवत असताना करत होते. तुझ्या पटकथेची आधी तारीफ करते, कारण ती खोटी नाही. जिथे मी दोन पानं घालवली होती तिथे तू एका नजरेत काम भागवलंस. पुस्तकातल्या माझ्या भाडेकरूला चेहराही नव्हता, नुसता जिन्यावर वाजणारा बूट होता. तू त्याला खोकला दिलास, उशिरा येण्याची सवय दिलीस, माणूस केलंस. त्यानं पहिल्यांदा मागे वळून बघितलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, आणि ते घर मीच काढलेलं आहे.

पण भीती कुठून येते, यात आपली दोघींची फारकत आहे. माझ्या पुस्तकात कडी लागायच्या आधी एक बारीक ‘टक’ येतो. चौकटीच्या कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. पहिल्या प्रकरणापासून तो येत राहतो आणि वाचणारा विचारत राहतो, हा कशाचा आवाज? उत्तर मी डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत अर्धवट ठेवलं होतं: अंधारातून कडीकडे येणारा एक हात. पुढचं पान उलटलं की त्याच हाताच्या बोटावर शिवणाचं पत्र्याचं अंगुस्तान, कडीला लागलेलं, आणि मग आईचा चेहरा. पान उलटायचं की नाही हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. मला वाचकांनी सांगितलंय की ते तिथे थांबले, पुस्तक मिटून पाणी पिऊन आले. ॲनिमेत कोणी थांबत नाही. संगीत चढतं, दार येतं, हात येतो, भाडेकरूच्या काठीचं टोक कडीवर आपटतं, ‘टक’, आणि झालं. बघणाऱ्याच्या हातात काही ठेवलेलं नाही. तुझ्या दिग्दर्शकाला वाटलं असेल की यानं जास्त भीती वाटते. त्या खोलीत बसलेल्या मुलीच्या हातात कधी काही नसायचं, म्हणूनच मी ते पान वाचणाऱ्याच्या हातात दिलं होतं. निदान त्याला तरी थांबता यावं.

ती खोली तुला आठवते, असं मी धरून चालते. आईच्या शिवणाच्या खोलीमागची, कापडाच्या ताग्यांची. नव्या कापडाच्या खळीचा वास मला अजून दुकानात आला तरी मी पायरीवरूनच परत फिरते. गिऱ्हाईक मापं द्यायला आलं, आणि त्या वेळी मी हसले, पडले, भांडले, प्रश्न विचारला, की अंगुस्तान चढवलेलं बोट माझ्या पाठीला लागायचं आणि मी आत. बाहेर आई गिऱ्हाइकाला सांगायची, “दोन मुली आहेत माझ्या, पण घरात असून नसल्यासारख्या, आवाज नाही. सुतासारख्या सरळ.” बायका कौतुक करायच्या. एखादी म्हणायची, आमच्याकडे पाठवते महिनाभर. सगळ्या हसायच्या. मी आतून ऐकायचे, आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी अभिमान वाटायचा, की आवाज नाही तो माझाच. आईचं ते वाक्य मी जसंच्या तसं शेवटच्या पानावर ठेवलं. तू ते भाडेकरूच्या तोंडी दिलंस. त्याच्या तोंडी ते कोड्यासारखं वाटतं. लोकांनी म्हणे ते पेल्यांवर छापून घेतलंय.

मी आईवर सूड उगवला, असं तू मागे एकदा म्हणाली होतीस. आता पुस्तक समोर आहे तर सातवं प्रकरण उघड. त्यात एक पूर्ण पान आहे, एकही शब्द नसलेलं. आई मशीनवर वाकलेली, पाठमोरी, मानेवर केसांची एक बट सुटलेली, पायाशी दुसऱ्याच्या मुलीसाठी शिवलेला झगा. बाबा गेल्यावर ती त्याच पाठीवर आपल्या दोघींना घेऊन चालत होती. ते पान काढताना मी रडले होते आणि शाई फिसकटली म्हणून पुन्हा काढलं होतं. माझ्या सगळ्या कामात तिच्याबद्दल माया असलेलं ते एकच पान. ॲनिमेत ते नाही. नसणारच, कडी लावणारा भाडेकरू झाल्यावर आईला पाठीची गरज उरली नाही. तुमची आई आता स्वयंपाकघरातून हाका मारणारी, हसऱ्या चेहऱ्याची, कोणाचीही आई आहे. तिला वाचवायला निघालीस आणि तिला समजून घेतलेली एकमेव जागा कापून टाकलीस. मला हे बघून हसूही आलं. कडू औषध घेतल्यावर तोंड होतं ना, तसलं हसू.

अजून एक गोष्ट तुम्ही कापलीत, ती लहान आहे. माझी नायिका मोठी झाल्यावर, स्वतःच्या घरात एकटी राहत असताना, बाथरूमला जाते तेव्हा दाराच्या फटीत चप्पल अडकवून जाते. तीन-चार ठिकाणी ती चप्पल दिसते. कोणी तिच्याबद्दल बोलत नाही, ती नुसती असते. तुमच्या दिग्दर्शकानं विचारलं असेल, ही कशाला? आणि तू खांदे उडवले असशील. मीही तेच करते, आणि माझ्याकडे येणारे लोकही हसतात. कागदाला छटा लावायला येणारी मदतनीस तर म्हणते, तुमच्या घराची दारं चपला खातात. हसू देते मी. आधी मी त्यांना कारण सांगायचे आणि मग त्यांना माझ्याकडे बघताना अवघड व्हायचं. हसणं बरं.

आता माझ्या आणि तुझ्या कामातला खरा फरक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. माझा अख्खा खंड खोलीच्या आतून काढलेला आहे. कॅमेरा म्हण, डोळा म्हण, तो एकदाही दाराबाहेर जात नाही. यावर लोकांनी लेख लिहिले. कोंडलेपणाची भाषा वगैरे. बक्षीस देताना परीक्षकांनी एका चौकटीचा खास उल्लेख केला. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येत असते, आणि ती रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू विझत जाते. मग पुढचं पूर्ण पान काळं. आशेचा अस्त, असं परीक्षक म्हणाले. मी मान डोलावली. खरं तर ती रेघ विझायची कारण बाहेरून फटीत चिंध्यांची वळकटी सरकवली जायची, रडणं गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून. ती वळकटी मी कुठे काढली नाही. काढली असती तर ती सरकवणारे हात काढावे लागले असते.

ते हात तुझे होते. आईनं ते काम तुला दिलं होतं. तुझी बोटं बारीक होती, फटीत नीट शिरायची. तू शाळेतही जात नव्हतीस तेव्हा. चिंध्या कशा घट्ट वळायच्या हे ती तुला शाबासकी देत शिकवायची, मी आतून ऐकलंय. आणि तू रेघेच्या एका टोकापासून सुरुवात करायचीस, आणि शेवटच्या टोकाला, अगदी बंद करायच्या आधी, एक बटण आत ढकलायचीस. कधी लाल, कधी शिंपल्याचं. मग अंधार. ते बटण मुठीत धरून मी बसायचे. तेवढ्यासाठी मी तुझ्यावर आयुष्यभर रागवू शकले नाही, आणि तेवढ्यासाठीच मी डोळा दाराबाहेर नेला नाही. बाहेर गेलं असतं तर तू दिसली असतीस. दोनशे पानं मी स्वतःला पुन्हा त्या खोलीत कोंडून घेतलं, ते तू दिसू नयेस म्हणून. लोकांना त्यात शैली दिसली.

आणि तू ॲनिमेत काय केलंस? डोळा सरळ बाहेर नेलास. तुमचा सगळा शेवट बोळात घडतो. धाकटी धावत येते, भाडेकरूच्या हाताला चावते, टाचा उंच करून कडी काढते आणि ताईला मिठी मारते. तिथे सगळे रडतात म्हणे. मीही बघत बसले. तू फार सुंदर लिहिलंयस ते. मिठी मारताना धाकटी नुसती ताईच्या केसांतला दोरा काढते. हे तुला कुठून सुचलं मला माहीत आहे. खोलीतून बाहेर आल्यावर माझ्या केसांत दोरे असायचे आणि तू ते काढायचीस. तेवढं खरं घेतलंस आणि त्याच्या आधीचं सगळं दुसऱ्याच्या नावावर लावलंस. धाकटे, तू कडी कधीच काढली नाहीस. तू काढायला हवी होतीस असं मी कधी म्हटलं नाही, तुझा हात तिथवर पोचतही नव्हता. पण न काढलेली कडी पडद्यावर काढून टाळ्या घ्यायच्या आणि वर मला म्हणायचं की तुझंही चित्र तसं बदलून दे, याला काय म्हणायचं ते मला ठरवता येईना. परवा दुपारपर्यंत मी तुला नाही म्हणणार होते. चार ओळी मनात तयार होत्या, चांगल्या झोंबणाऱ्या. माझ्या हातात एकच खरी गोष्ट आहे, ती मी कोणाच्या पेल्यांसाठी देणार नाही, अशा काहीतरी.

परवा दुपारी शेवटचा प्रसंग लॅपटॉपवर थांबवून मी त्यातलं दार निरखत होते. मुलगी आत कोंडलेली आहे, अंधार आहे, पण फटीतून उजेड येतोय, कारण तुमच्या चित्रकारांना तिचा चेहरा दिसायला हवा. पुस्तक मिटलेलं होतं. मुंगीला मी ते कधी दाखवलेलं नाही, ते तिच्या वयाचं नाही, आणि त्यातही वळकटी कुठे नाहीच. ती पेन्सिलीला टोक काढायला माझ्या टेबलाशी आली, पडद्याकडे बघितलं आणि गृहपाठातली चूक दाखवावी तशी म्हणाली, “मावशी, हे चुकलंय. खालून उजेड कसा येईल? आजी टॉवेल लावते ना.” मी काय विचारलं ते मला धड आठवत नाही. बहुतेक, मग बाहेरचं काही ऐकू येतं का, असं. ती टोक काढत म्हणाली, “टीव्ही ऐकू येतो. कार्टून असलं तर मी ओळखत बसते कोण बोलतंय.” मग टोक कसं निघालंय ते माझ्या तळहातावर टोचून बघितलं आणि रंगवायला निघून गेली. तक्रार नव्हती, धाकटे. मी करायचे नाही तशीच.

म्हणून हे पत्र आहे, पानांसाठी नाही. त्या पानांवर मी आजपासून पाणी सोडलं. संपादकांना सांग, ताई तयार आहे. भाडेकरू काढून देते, काठी काढून देते, हवं तर त्याच्या हातावर केसही काढते. धाकटी कडी काढते तेही काढून देईन, जीव ओतून, आणि कोणी विचारलं तर सांगेन की पहिल्यापासून असंच ठरलं होतं. आईच्या शेजाऱ्यांना दोन्हीकडे एकच शेवट मिळू दे. बदल्यात मला एवढंच हवं आहे: मुंगी आईच्या घरात परत जाणार नाही. एक दिवस नाही, एक दुपार नाही. तुझ्या कामाच्या वेळात मी तिला ठेवीन, माझं टेबल आणि तुझा स्टुडिओ यात बसचं अंतर आहे, ते मी कापेन. तुला हे माहीत नव्हतं, असं मी धरून चालते आहे. तसं धरून चालायला मला जड जातंय, कारण ‘घरात असून नसल्यासारखी’ हे तू स्वतःच्या हातानं लिहिलंयस, आणि तुला ते वाक्य कुठे ऐकलंय ते आठवायला हवं होतं. आई तशी राहिलेली नाही म्हणतेस. कदाचित नसेलही, तेव्हा चिंध्या होत्या, आता टॉवेल आहे. गॅलरीतून आत येशील तेव्हा काही बोलू नकोस, माझ्या खांद्यावर हात ठेवू नकोस. बाथरूमच्या दाराकडे बघ. आठवडाभर मी समजत होते की ती चप्पल माझीच आहे, सवयीनं अडकवलेली. आज सकाळी वाकून नीट बघितली. ती लहान आहे, निळ्या पट्ट्याची, तू मुंगीला वाढदिवसाला घेतलेली. आता तुझा हात कडीपर्यंत पोचतो.

तुझीच,
ताई